रक्त कमी आहे, पण का?

दुधाचा दर लिटरमागे दोन रुपयांनी पडला की आपण रस्त्यावर दूध ओततो. एसटीची भाडेवाढ झाली की आगाराबाहेर घोषणा घुमतात. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितलं, की महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा? एकाही चौकात फलक लागला नाही. २०१५-१६च्या पाहणीत हाच आकडा ५४ होता. म्हणजे आपण पुढे चाललो होतो की मागे, हेही कुणी विचारलं नाही.

आकडा फुगलेला आहे, असं म्हणणारे तज्ज्ञ आहेत. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर मोजलं की हिमोग्लोबिन प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतं, हा त्यांचा मुद्दा. तो बाजूला सारण्यासारखा नाही. पण शिरेतून रक्त घेऊन केलेली २०१६-१८ची देशव्यापी पोषण पाहणीही एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं सांगते. कुठलाही आकडा धरा. अंगणवाडीत सतरंजीवर बसलेल्या दहा पोरांपैकी चार की सात, एवढाच वाद आहे.

आपण या गोष्टीला सरावलो आहोत, हे खरं दुखणं. ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्याकडे ‘सर्दी झालीय’ इतक्या सहज बोललं जातं. डॉक्टर बोलतात, आई मान डोलावते, लाल औषधाची बाटली पिशवीत पडते आणि विषय मिटतो. पण ताप आला म्हटल्यावर आपण मलेरियाचा की टायफॉइडचा हे विचारतोच ना? रक्त कमी असणं हे तापासारखंच एक लक्षण आहे. त्याच्यामागे पोषणाची साधी उणीव असेल, पोटातले जंत असतील, नाहीतर आईबापांकडून आलेला आयुष्यभराचा आजार असेल. तिन्हींना एकच बाटली पाजणं म्हणजे औषधोपचार नाही, ती समजूत घालणं झालं.

आधी ओळखायचं कसं? जुनी माणसं पांडुरोग म्हणायची, तो शब्द नेमका आहे. पोर पांढुरकं पडतं. चेहऱ्यावर जाऊ नका, सावळ्या कातडीवर चेहरा फसवतो. उजेडात बसून मुलाचा तळहात आपल्या तळहाताशेजारी ठेवा, जीभ बघा, खालची पापणी ओढून आतला रंग बघा. आईचाच हात फिका असेल तर ही तुलना फसते. आणि ती फसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, कारण राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचंही रक्त कमी भरलेलं आहे. म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, हिमोग्लोबिन मोजून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाचं साधारण ११ ग्रॅमच्या वर असायला हवं. ७च्या खाली गेलं तर घरी बसायची वेळ नाही.

दुसरी खूण आपण रोज बघतो आणि तिच्यासाठी पोराला धपाटा घालतो. माती खाणं, पाटीवरची पेन्सिल चघळणं, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ. हा वाईट नाद नाही. अंगात लोह कमी पडलं की अशी विचित्र भूक लागते, आणि बऱ्याच मुलांची ती लोह भरून निघालं की आपोआप सुटते. तिसरी खूण शाळेत दिसते. मागच्या बाकावर पेंगणारा, खेळाच्या तासाला पायरीवर बसून राहणारा, दोन मजले चढून धापा टाकणारा मुलगा. त्याला आपण आळशी, मंद म्हणून मोकळे होतो. पहिल्या दोन वर्षांत मेंदूला लोह कमी पडलं तर शिकण्यातलं ते नुकसान पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. बाळाच्या त्या दोन वर्षांत आपण त्याचं बारसं करतो, जावळ काढतो, पहिला वाढदिवस हॉल घेऊन करतो. रक्त तपासतो का?

उणीव येते कुठून हे बघायला गेलं, तर वाट बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जाते. आईच फिकी, मग पोटातल्या बाळाची शिदोरीही अपुरी. जन्मल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं बरंच रक्त बाळाकडे येतं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह घेऊन येतं. एका पैशाचा खर्च नाही. फक्त घाई करायची नाही. ही शिदोरी सहा महिन्यांच्या सुमारास संपत येते आणि नेमकं तेव्हा आपण बाळाला भाताची पेज, वरणाचं पाणी आणि गाईचं वरचं दूध यांवर ठेवतो. दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर्षाच्या आत गाईचं दूध पाजलं तर काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्तही झिरपतं. थोडं मोठं झालं की चहा-बिस्कीट, चहा-चपाती. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि आपण तोच चहा पोराच्या कपात ओततो, कारण ते रडायचं थांबतं.

बीट आणि डाळिंबाची भक्ती एवढी का आहे, मला कळलेलं नाही. लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं, असा हिशेब असावा. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, डाळिंबात आणि सफरचंदात त्याहून कमी. बाजरी, नाचणी, चवळी, मटकी, हळीव, राजगिऱ्याचा पाला हे आपल्याच घरचं आहे. खाणाऱ्यांच्या घरात सुकट, अंडं, कलेजी आहे. वर लिंबू पिळा किंवा आवळा द्या म्हणजे धान्यातलं लोह अंगी लागेल. पण एकदा रक्त कमी झालं की ते नुसत्या ताटाने लवकर भरून येत नाही. औषध लागतं. किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, दोन-तीन महिने, आणि हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साठा भरण्यासाठी पुढे काही आठवडे. शी काळी होते, ती होणारच. तेवढ्यावरून घाबरून औषध बंद करू नका. सरकारने २०१८ साली ॲनिमिया मुक्त भारत हा कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांखालच्यांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्यांना आठवड्याला गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसच्यांना निळी, आणि वर्षातून दोनदा जंतांची गोळी. तुमच्या अंगणवाडीतलं सिरप मुलाच्या तोंडात जातंय की फडताळात साठतंय, हे एकदा जाऊन बघा. सेविकेवर डाफरायला जाऊ नका. तिला सिरपचा पुरवठा वेळेवर होतो का, हे विचारायला जा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांना रक्तक्षय होत होता. लोह कमी असण्याचा हा प्रकार नव्हता, या बायकांच्या रक्तपेशी उलट मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या होत्या. या बाईने त्यांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं, जंतू शोधले, उंदरांवर-माकडांवर प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्काने हे रक्त भरून येतं हे १९३१ साली जगाला दाखवून दिलं. त्या अर्कात होतं ते द्रव्य म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक ॲसिड. आज जगभर गरोदर बाई जी गोळी घेते, तिची मुळं गिरणगावात आहेत. विल्सबाई ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबल्या नाहीत. का, ते त्यांनी शोधलं.

तोच प्रश्न आज शुद्ध शाकाहारी घरातल्या काही बाळांसाठी विचारावा लागतो. बाळ गुबगुबीत असतं, नुसत्या अंगावरच्या दुधावर असतं, म्हणून सगळे कौतुक करतात. पण ते हसेनासं होतं. धरलेली मान सोडतं. बोटांचे सांधे काळपट पडतात, केस विरळ आणि भुरे होतात, मग हात-मान थरथरू लागते. आईच्याच अंगात बी-१२ नसतं, तर दुधातून येणार कुठून? इथे लोहाची बाटली पाजत बसलात तर महिने वाया जातात. बी-१२ वेळेवर दिलं की तेच बाळ काही दिवसांत डोळ्याला डोळा देऊन बघायला लागतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लोह नीट दिलं तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वर यायला हवं. नाही आलं तर दुसऱ्या रंगाची बाटली आणायची नाही. औषध खरंच पोटात जातंय का, हे आधी बघायचं. जात असेल, तर रक्ताचा तो सीबीसीचा कागद पुन्हा उघडायचा. आपण त्यातली हिमोग्लोबिनची एक ओळ वाचतो आणि कागद गादीखाली सारतो. त्याच कागदावर एमसीव्ही असतो, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, आणि पेशींची संख्याही असते. लोह कमी असेल तर पेशी लहान आणि संख्येनेही कमी. थॅलेसेमिया या आईबापांकडून येणाऱ्या रक्तविकाराचा वाहक असेल तर पेशी लहान, पण संख्या चांगली पन्नास लाखांच्या वर. एवढ्यावरून निदान होत नाही, पण संशय घ्यायला एवढं पुरतं. पुढची तपासणी एचपीएलसी. हिमोग्लोबिन कोणकोणत्या जातीचं आणि किती, हे ती सांगते. आणि एक गोष्ट प्रत्येक आईबापाने पाठ करावी अशी: बाहेरचं रक्त चढवण्याआधी या तपासणीचा नमुना काढून घ्या. एकदा दुसऱ्याचं रक्त मिसळलं की रिपोर्ट त्या रक्तदात्याबद्दलही बोलू लागतो.

विदर्भातल्या, खानदेशातल्या वाचकांना पुढचं नवं नाही. सिकलसेल. अमेरिकेत जेम्स हेरिक या डॉक्टरने विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद १९१० साली केली. आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरात त्या १९५२ साली सापडल्या आणि नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं १ जुलै २०२३ला. मधली पासष्ट वर्षं मोजा. त्यात गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार इथली किती बाळं ‘कळलंच नाही काय झालं’ म्हणत पुरली गेली, याचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही. आणि हा आदिवासींचा आजार आहे असं म्हणून नागपुरात बसून सुस्कारा टाकू नका. विदर्भात तो दलित वस्त्यांत आहे, इतर जातींतही आहे. रक्त जातीचा दाखला बघत नाही.

जन्मल्यावर पहिले काही महिने सिकलचं मूल ठणठणीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. सहा महिन्यांनंतर अचानक हातापायांची बोटं सुजतात, मूल हात लावू देत नाही. कुणी म्हणतं मुरगळलं, कुणी म्हणतं वात. ही पहिली घंटा. पुढे थंडीत, तापात, पाणी कमी पडलं की सांधे, पाठ, छाती अशी ठणकते की मोठी माणसं हंबरडा फोडतात. पाणथरी एकाएकी वाढून त्यात रक्त साचलं तर काही तासांत जीव जातो. म्हणून अशा मुलाच्या आईला डाव्या बरगडीखाली हात लावून पाणथरी चाचपायला शिकवायचं असतं. अवघड नाही, पाच मिनिटांत येतं. शिकवणारा मात्र हवा.

आणि इलाज आहे! ‘या आजाराला काही नाही’ असं जो सांगतो, तो चुकीचं सांगतो. पाच वर्षांचं होईपर्यंत रोज पेनिसिलिन. न्यूमोनियाची लस, जी आता सरकारी लसीकरणात आहे. हायड्रॉक्सीयुरिया, जी नियमाने घेतली आणि मधूनमधून रक्त तपासत राहिलं तर दुखण्याचे झटके निम्म्याच्या आसपास येतात. ताप आला तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. हायड्रॉक्सीयुरिया तालुक्याच्या रुग्णालयात बारा महिने मिळते का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

गुरुजींना एक सांगायचं आहे. सिकलच्या मुलाची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. त्याला सारखी लघवीला जावं लागतं आणि सारखी तहान लागते, काही जण मोठेपणीही अंथरूण ओलं करतात. त्याला तासाला उठू द्या, पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या, आणि डिसेंबरच्या सकाळी मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा तेवढी देऊ नका.

थॅलेसेमियाची घरं वेगळी, दुःख तेच. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी समाजांत वाहक जास्त. उल्हासनगरला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण मराठी घरं यातून सुटलेली नाहीत, हे रक्तपेढीच्या बाहेर बसलेल्या आया बघितल्या की कळतं. मेजर थॅलेसेमियाचं मूल पहिल्या दोन वर्षांतच पांढरं पडतं, पोट वाढतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, जन्मभर. प्रत्येक पिशवीबरोबर लोह अंगात साठतं आणि हृदय-यकृत पोखरतं, म्हणून ते बाहेर काढणारी औषधं रोज. म्हणजे शेजारच्या मुलाला जे लोह आपण चमच्याने पाजतो, तेच या मुलाला विष. न तपासता टॉनिक का देऊ नये, ते इथे कळतं. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाली तर आजार बराही होतो, आणि त्यासाठी गरीब घरांना दहा लाखांपर्यंत मदत देणारी कोल इंडियाची बालसेवा योजना २०१७ पासून आहे.

गणेश मंडळांनो, जयंती समित्यांनो, साहेबांच्या वाढदिवसाला शिबिरं भरवणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचंय. रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. एका आठवड्यात गावात चार शिबिरं आणि मग मे महिनाभर एकही नाही, यात मुलांचा काय उपयोग? त्यांना रक्त लागतं ते तुमच्या पंचांगाप्रमाणे नाही. तुमचं शिबिर मे महिन्यात घ्या, दिवाळीच्या सुट्टीत घ्या. फ्लेक्सवर फोटो छोटा छापलात तरी चालेल.

एक छोटी सूचना जाता जाता. बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. जी-६-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेली मुलं, बहुधा मुलगे, त्या वासानेही आजारी पडू शकतात. रक्त भराभर फुटतं, लघवी कोकाकोलासारखी होते, मूल पिवळं पडतं. काही मलेरियाच्या गोळ्यांनीही हेच होतं. आणि फिकेपणाच्या जोडीला अंगावर निळे डाग, हाडं दुखणं, न उतरणारा ताप असेल तर बाटली-गोळी सोडा, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. ते रक्ताच्या कर्करोगाचंही रूप असू शकतं, आणि मुलांतला तो बराचसा बरा होतो, वेळेवर कळला तर.

आता सगळ्यांत नाजूक जागा. सिकल आणि थॅलेसेमिया हे ‘आईच्या रक्तातला दोष’ नाहीत. दोघांकडून एकेक बिघडलेला गुण आला तरच मूल आजारी पडतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. एकच वाहक असेल तर मूल फार तर वाहक होईल, आजारी नाही. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याला ना औषध लागतं ना पथ्य. सासूने सुनेला माहेरी धाडण्याआधी मुलाचंही रक्त तपासावं.

पत्रिकेऐवजी रक्ताचा रिपोर्ट बघा, असं हल्ली सगळेच सांगतात. माझं थोडं वेगळं मत आहे. स्थळं बघण्याच्या वेळी रिपोर्ट मागितला की मुलीच नाकारल्या जातात, मुलाचा कागद कुणी बघत नाही. म्हणून ही तपासणी अकरावी-बारावीत, सगळ्यांची, सरसकट व्हायला हवी, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात. सायप्रसने हे करून दाखवलं. तिथे चर्चनेच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, पण दाखल्यावर निकाल नसायचा, फक्त तपासणी झाली एवढंच असायचं. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही. तरी नवी आजारी बाळं जवळपास थांबली, कारण त्यांना आधी माहीत होतं. दिवस राहिल्यावर १०-१२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा कण काढून बाळाला आजार आहे का, हे कळतं. गर्भलिंग कायद्याचा बागुलबुवा दाखवणाऱ्यांना सांगा, १९९४च्या त्याच कायद्याने रक्तविकारांसाठी गर्भतपासणीला मुभा दिली आहे. लिंग सांगायला नाही. पुढे काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं, गावाने नाही.

थॅलेसेमिया, सिकलसेल आणि रक्त नीट गोठू न देणारा हिमोफिलिया हे तिन्ही आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. प्रमाणपत्र हा उपकार नाही, मागून घ्यायचा हक्क आहे.

म्हणून उद्याचं काम आजच. घरातल्या लहानग्याचा तळहात उजेडात धरा. शेजारच्या झोपडीतल्या पोराचाही धरा. फिका दिसला तर रक्त तपासून घ्या, आणि कागद हातात आला की डॉक्टरांसमोर बसून विचारा, ‘रक्त कमी आहे, ते कळलं. पण का?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.